लोकस्थितीवाचून प्रवासवृत्त

दिवाळी अंकांच्या अनुक्रमणिकेत 'प्रवास' या शीर्षकाखाली एक लेख हमखास सापडतो. लेखक सेवानिवृत्त, सोबत सौभाग्यवती. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत. त्यांच्या आग्रहाखातर मायामीहून निघणारी सात रात्रींची कॅरिबियन क्रूझ. पहिल्या परिच्छेदात जहाजाची उंची आणि मजल्यांची संख्या, दुसऱ्यात तरणतलाव, तिसऱ्यात न्याहारी. शाकाहारी पदार्थ मिळतील की नाही ही धाकधूक आणि ते मिळाल्याचा आनंद यांवर एक पान खर्ची पडते. मग एकेक बेट: निळेशार पाणी, पांढरी वाळू, मनमिळाऊ टॅक्सीवाला, स्वस्त दागिने. शेवटी कप्तानासोबतचे छायाचित्र आणि 'आयुष्यात एकदा तरी अनुभवावे असे' हे समारोपाचे वाक्य.

या प्रकाराविरुद्ध आम्हांला लिहायचे आहे. आधी कबुली देणे भाग आहे, कारण त्यावाचून पुढचे सारे ढोंग ठरेल. असा लेख आम्ही उभयतांनी मिळून लिहिला आहे. तो छापूनही आला. इतकेच नव्हे, तर नाशकात परतल्यावर ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात आम्ही पडद्यावर चित्रे दाखवून तासभर व्याख्यान दिले. ते संपल्यावर मागच्या रांगेतील एका वृद्ध बाईंनी विचारले, "तिथली माणसं काय खातात हो?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. जहाजावरच्या सोळा प्रकारच्या पावांविषयी आम्ही दहा मिनिटे बोललो होतो. तीन बेटांवर पाय ठेवला होता. त्या बेटांवरच्या घरांत चुलीवर काय शिजते, हे मात्र आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हते. बाईंच्या प्रश्नात खोच नव्हती, साधे कुतूहल होते. म्हणूनच तो आम्हांला अधिक लागला.

मराठीतील प्रवासवर्णन नेहमीच असे नव्हते. पंडिता रमाबाई अमेरिकेत राहून आल्या आणि 1889 साली त्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे नाव 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त'. या नावातला शब्दक्रम पाहावा. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त नंतर. त्या देशाचा कारभार कसा चालतो, शाळा कशा आहेत, स्त्रियांनी काय मिळवले आणि काय मिळवायचे राहिले, हे सांगणे त्यांना आपल्या बोटीच्या हकिकतीहून महत्त्वाचे वाटले. विष्णुभट गोडसे तर विद्वत्तेचा दावा न करणारे भिक्षुक. 1857 मध्ये ते वरसईहून उत्तरेकडे निघाले ते द्रव्यार्जनासाठी. दक्षिणा किती मिळाली याचा हिशेब त्यांच्या 'माझा प्रवास'मध्ये आहे, जेवणावळीही आहेत. पण झाशीच्या वेढ्यात सापडलेल्या माणसांचे हाल त्यांनी पाहिले आणि ते लिहून ठेवले, म्हणून 1907 साली छापलेले ते पुस्तक आजही वाचले जाते. तेव्हा खाण्यापिण्याविषयी लिहू नये असे आमचे म्हणणे नाही. ताटापलीकडे नजर जावी, इतकेच आहे.

पु. ल. देशपांड्यांच्या 'अपूर्वाई'ने 1960 मध्ये पतिपत्नीच्या परदेशवारीला मराठीत एक लोभस रूप दिले. पुढच्या अनेकांनी त्यातली विनोदाची लकब उचलली. माणसांविषयीची ओढ उचलणे अवघड होते, ते राहून गेले. क्रूझच्या लेखात ही ओढ नाहीशी होण्यास आणखी एक कारण आहे. आगगाडीतला, एसटीतला प्रवासी मनात असो वा नसो, स्थानिक माणसाच्या शेजारी बसतो. क्रूझची रचनाच अशी की ते टळावे. सकाळी आठला धक्का, सायंकाळी पाचला भोंगा. मधल्या वेळेत कोठे जायचे ते जहाजावरच्याच खिडकीवर विकत घ्यायचे. बेट म्हणजे दोन भोजनांमधली एक फेरी.

आम्ही पाहिलेल्या बेटांचेच उदाहरण घेऊ. सेंट मार्टिन हे एक चिमुकले बेट. 1648 पासून त्याचा एक भाग फ्रेंचांकडे, दुसरा डचांकडे. सीमेवर एक स्तंभ आहे. एक पाय फ्रान्समध्ये, दुसरा हॉलंडमध्ये ठेवून तेथे छायाचित्र काढण्याचा प्रघात आहे. ते आम्हीही काढले आणि मेळाव्यात दाखवून हशा मिळवला. घरी आल्यावर, म्हणजे फार उशिरा, आम्ही वाचले की फ्रेंचांनी आपल्या वसाहतींतील गुलामगिरी 1848 साली रद्द केली आणि डचांनी 1863 साली. म्हणजे मधली पंधरा वर्षे निदान कायद्याच्या दृष्टीने या एवढ्याशा बेटाचा एक भाग मुक्त होता आणि दुसरा गुलाम. ती सीमा ओलांडणे म्हणजे माणूस होणे. ज्या रेषेवर पाय फाकवून आम्ही हसत उभे होतो, ती ही रेषा. फिलिप्सबर्गच्या ज्या रस्त्यावर आम्ही घड्याळांचे भाव विचारत फिरलो, त्याच्या मागेच एक विस्तीर्ण खारे तळे आहे. त्यातले मीठ गुलामांच्या हातांनी उपसले जाई. आम्हांला ते तळे दिसलेही होते. 'बसमधून एक सुंदर तलाव दिसला' असे वाक्य आमच्या छापील लेखात आहे.

सेंट थॉमसचीही तीच गत. त्याच्या राजधानीला शार्लट अमाली हे डेन्मार्कच्या एका राणीचे नाव आहे. 1917 मध्ये अमेरिकेने अडीच कोटी डॉलर मोजून डेन्मार्ककडून ही बेटे विकत घेतली. तेथे राहणाऱ्या माणसांसकट. अशी खरेदी झालेल्या गावात आम्ही काय केले? खरेदी.

येथे कोणी म्हणेल, हा इतिहास परक्यांचा. मराठी वाचकाला त्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर देणे आम्हांला सर्वांत अगत्याचे वाटते. अशा लेखांत एक प्रसंग ठरलेला असतो. दागिन्यांच्या दुकानात हिंदी बोलणारा सिंधी व्यापारी भेटतो आणि लेखकाला 'आपला माणूस' भेटल्याचे भरते येते. आपली माणसे कॅरिबियनमध्ये पोहोचली ती अशी दागिने विकत पोहोचली नाहीत. 1838 मध्ये ब्रिटिश गयानाला पहिली जहाजे गेली. 30 मे 1845 रोजी 'फतेल रझाक' हे जहाज सुमारे सव्वादोनशे माणसे घेऊन त्रिनिदादला लागले. कलकत्त्याहून निघून त्यांना तीन महिन्यांहून अधिक काळ लोटला होता. गुलामगिरी गेल्यावर उसाच्या मळ्यांना हात हवे होते. ते करारबंद मजुरीच्या नावाखाली हिंदुस्थानातून नेले गेले. 1917 पर्यंत ब्रिटिश गयानात सुमारे दोन लाख एकोणचाळीस हजार आणि त्रिनिदादमध्ये सुमारे एक लाख चव्वेचाळीस हजार माणसे उतरली. कॅरिबियन समुद्रावरची आपली खरी 'क्रूझ' ती होती. त्रिनिदादमध्ये 30 मे हा आगमनदिन म्हणून सार्वजनिक सुटीचा दिवस आहे.

या माणसांत बहुसंख्य भोजपुरी मुलखातली होती, हे खरे. पण त्यांच्या बाजूने कायदेमंडळात उभा राहिला तो रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळुकचा माणूस. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1910 मध्ये नाताळला होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव आणला, तो मान्य झाला. 1912 मध्ये ही पद्धतच नष्ट करावी असा ठराव त्यांनी मांडला, तो सरकारी बहुमताने फेटाळला गेला. भरती थांबली 1917 साली. ते पाहायला गोखले उरले नव्हते. ती बेटे पाहण्याची संधी त्यांना मिळाली नव्हती. अहवाल आणि आकडे वाचून त्यांना जे दिसले, ते आम्हांला तिथे जाऊन, उन्हाचे चष्मे लावून दिसले नाही.

हैतीचे उदाहरण तर लाज आणणारे आहे. गुलामांनी बंड करून 1804 मध्ये स्वतंत्र केलेला हा देश. त्याच्या उत्तर किनाऱ्यावरचे लॅबडी नावाचे भूशिर 1986 पासून एका क्रूझ कंपनीने भाड्याने घेतले आणि भोवती कुंपण घातले. 12 जानेवारी 2010 रोजी राजधानीभोवती भूकंपाने हाहाकार उडाला. त्यानंतर काही दिवसांतच प्रवासी तेथे पुन्हा उतरून वाळूवर पहुडले. जहाजाने मदतीचे सामान आणले होते, हेही नमूद केले पाहिजे. अलीकडे देशातील हिंसाचारामुळे कंपनीला हे थांबे स्थगित करावे लागले. या भूशिरावरही मराठीत लेख लिहिता येतो आणि त्यात 'हैती' हा शब्द एकदाही न येणे शक्य असते, एवढेच येथे लक्षात घ्यावे.

बेटे राहू द्या. जहाजावर तर आपण सात दिवस असतो. तेथे कोण असते? 2020 च्या फेब्रुवारीत योकोहामाच्या बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' करोनामुळे अडकले, तेव्हा त्यावर 138 भारतीय असल्याची बातमी आली. त्यांतले प्रवासी 6 होते आणि कर्मचारी 132. क्रूझवरचा भारतीय म्हणजे कोण, याचे याहून नेमके उत्तर कोणते? आपली सारी प्रवासवर्णने त्या सहांची आहेत.

आमच्या टेबलावर वाढणारा मुलगा सासष्टीचा होता. गोव्यात दर्यावर जाणाऱ्याला तारवटी म्हणतात. त्याचा बापही तारवटी होता. त्याच्याकडून आम्ही लोणचे मागवले, त्याने ते आणले, आणि 'परदेशातही आपुलकी' अशी ओळ आम्ही वहीत टिपली. त्याचा करार किती महिन्यांचा, घरी कोण, हे विचारले नाही. सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान सत्त्याहत्तर तास विश्रांती द्यावी लागते. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट. म्हणजे एक्याण्णव तास काम करून घेतले तरी हा नियम मोडत नाही. जहाज अमेरिकेतून निघते, पण त्याच्या पाठीवर बहुधा नासाऊ किंवा पनामा असे नाव असते. नोंदणी तिथली, म्हणून कायदाही बव्हंशी तिथला. हे सारे आम्ही नंतर वाचले. तेव्हा आमच्या सहप्रवाशांत चर्चा होती ती रोजची बक्षिसी बिलातून कशी वगळून घ्यावी याची. त्या चर्चेत आम्हीही भाग घेतला, हेही लिहून टाकतो.

आता आमच्यावर येणाऱ्या एका आक्षेपाचा विचार करू. तो हलका नाही. चाळीस वर्षे काटकसर केलेल्या जोडप्याने आठ दिवस मौज केली, तर त्यांच्या पानात गुलामगिरीचा इतिहास कशाला वाढायचा? मौजेला आमची मुळीच हरकत नाही. आमच्यापैकी एकीने लग्नानंतर त्रेचाळीस वर्षांत प्रथमच सलग सात दिवस स्वयंपाकघर पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला जाग आली आणि आता काही करायचे नाही या जाणिवेने तिला रडू कोसळले. हे आमच्या लेखात नव्हते. का नव्हते? ते 'प्रवासवर्णनात बसत नाही' असे आम्हांला वाटले. सोळा पाव मात्र बसले. म्हणजे या साच्याने बेटांना जसे गाळले तसे आम्हांलाही गाळले. ज्या विश्रांतीची कैफियत घेऊन हा आक्षेप येतो, तिचे खरे मोलसुद्धा तो लेख सांगू शकत नाही. एका बाईची त्रेचाळीस वर्षांनी सुटका होते, आणि त्याच वेळी कोणा दुसऱ्या घरचा मुलगा महिनोन्महिने घर सोडून तिचे ताट मांडतो. या दोन गोष्टी एका पानावर आणणे हेच लेखकाचे काम. ते जमत नसेल तर मौज करावी, छायाचित्रे नातेवाइकांस पाठवावीत. त्याला साहित्य म्हणू नये.

नाशिककरांना तर हे कळायलाच हवे. कारण आपण स्वतः एक बेट आहोत. रोज सकाळी यात्रेच्या गाड्या येतात. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम, दुपारी त्र्यंबक, आता जोडीला द्राक्षांच्या वाइनचे मळे. सायंकाळी गाडी शिर्डीच्या रस्त्याला. काळारामाच्या दारात यात्रेकरू दहा मिनिटे थांबतो. याच दारात 2 मार्च 1930 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, तो पुढे काही वर्षे चालला, आणि तरी दार उघडले नाही, हे त्याला क्वचितच कोणी सांगते. असा प्रवासी गावी जाऊन 'नाशिक: देवळे आणि द्राक्षे' असा लेख लिहितो, तेव्हा आपण चरफडतो. आपले गाव सहा तासांत उरकले जाण्याचे दुःख ज्याला ठाऊक आहे, त्याने दुसऱ्याचे गाव सहा तासांत उरकून वर त्यावर सहा पाने लिहावीत, हे कसे?

म्हणून संपादकांना आमची विनंती आहे. प्रवासलेख छापण्यापूर्वी लेखकाला तीन प्रश्न विचारावेत. तिथली माणसे काय खातात? तुमचे ताट कोणी उचलले, आणि तो कोठला? तुमच्या आधी त्या किनाऱ्यावर कोण, कोणत्या जहाजातून उतरले होते? तिन्हींची उत्तरे नसतील तर लेख साभार परत करावा. या कसोटीवर पहिला परत येणारा लेख आमचा आहे, आणि तो परत यायला हवा होता.

त्या बाईंची पुन्हा भेट झाली नाही. उत्तर आम्ही शोधून ठेवले आहे. त्रिनिदादमध्ये मसूर किंवा वाटाण्याच्या डाळीबरोबर पोळी खातात. तिला ते 'रोटी'च म्हणतात. हा शब्द करारबंद मजुरांच्या जहाजांतून तिथे गेला. आमचे जहाज त्रिनिदादला जात नव्हते.