सरळ रेषेतला वेग आणि वळणावरची कसोटी

वेग ही आता बाजारात मिळणारी वस्तू झाली आहे. ज्याच्यापाशी पुरेसा पैसा आहे, त्याला तीन सेकंदांच्या आत ताशी शंभर किलोमीटरचा वेग गाठणारी मोटार विकत घेता येते. त्यासाठी चालक म्हणून त्याची कोणतीही कसोटी लागत नाही. अशा मोटारींच्या हौशी मंडळींत एक वाद नेहमी रंगतो. मोटारीचा खरा कस सरळ पल्ल्याच्या ड्रॅग शर्यतीत लागतो, की वळणावळणांच्या बंदिस्त मार्गावर? सोयाबीनचा भाव, पीकविमा आणि उन्हाळ्यातील टँकर यांच्या चिंतेत असलेल्या आपल्या कार्यकर्त्यांना हा वाद धनिकपुत्रांच्या करमणुकीचा वाटेल. परंतु वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्गाचे सुमारे ९७ किलोमीटर जातात. कारंजा, मंगरुळपीर आणि मालेगाव या तालुक्यांच्या शेतजमिनी त्याखाली गेल्या आहेत. म्हणून वेगाविषयी बोलण्याचा हक्क आपल्याला आहे. किंबहुना ते आपले कर्तव्यच आहे.

प्रथम हे दोन प्रकार नीट समजून घेतले पाहिजेत. ड्रॅग शर्यत म्हणजे पाव मैलाची, सुमारे ४०२ मीटरची सरळ धाव. दोन मोटारी शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवा हिरवा होतो आणि काही सेकंदांत निकाल लागतो. दुसऱ्या प्रकारात मार्ग स्वतःभोवती फिरून आरंभाशी येतो. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथे १९९० पासून असलेला मार्ग ३.७ किलोमीटरचा असून त्यावर १२ वळणे आहेत. येथे चालकाला प्रत्येक वळणापूर्वी वेग किती कमी करायचा, ब्रेक कोठे दाबायचा, कोठे सोडायचा, चाकांची पकड कोठवर टिकेल, हे क्षणोक्षणी ठरवावे लागते. पहिल्या प्रकारात वेग वाढवण्याला महत्त्व आहे. दुसऱ्या प्रकारात तो आवरण्याला.

सरळ शर्यत श्रीमंतांची आणि वळणांची शर्यत कष्टकऱ्यांची, असे सोपे समीकरण मात्र कोणी मांडू नये. इतिहास नेमका उलटा आहे. वळणांच्या शर्यतीचा उगम युरोपातील सरदार-धनिकांच्या हौसेत आहे. आपल्याकडेही मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या युद्धकालीन धावपट्टीवर संस्थानिक आणि उद्योगपती आपापल्या मोटारी घेऊन उतरत. विजय मल्ल्या हे त्यांतील एक प्रसिद्ध नाव. उलट ड्रॅग शर्यत वाढली ती अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, गॅरेजमध्ये राबणाऱ्या मेकॅनिकांच्या आणि दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या तरुणांच्या हातून. भंगारात निघालेली फोर्ड मोटार घ्यायची, तिचे एंजिन स्वतः उघडायचे, स्वतः घासूनपुसून जुळवायचे आणि कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट तळावर पळवायचे, असा तो उद्योग होता. त्या वेगात त्यांचे श्रम होते आणि त्यांची विद्या होती.

हा उद्योग आजच्या ऐषारामी मोटारीत शिरला, तेव्हा त्यातील श्रम तेवढे गळून गेले. एका पायाने ब्रेक आणि दुसऱ्याने अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरायचा आणि ब्रेक सोडून द्यायचा. बाकी सर्व काही यंत्रातील संगणक पाहतो. चाक घसरू न देण्याची कला जी पूर्वी वर्षानुवर्षांच्या सरावाने येई, ती आता किमतीतच समाविष्ट असते. म्हणून अशा मोटारीची सरळ शर्यत ही बव्हंशी धनादेशांची शर्यत आहे. वळणावर मात्र पैसा काही अंतरापर्यंतच साथ देतो. दोन टनांहून जड मोटार भरवेगात वळणापाशी आली, की तिचे वजन तिच्या मालकाचे ऐकत नाही. तेथे जो शिकला आहे तोच तरतो.

विदर्भातल्या वाचकाला सरळ रेषेतल्या शर्यतीचे नवल वाटण्याचे कारण नाही. आपला शंकरपट म्हणजे तीच आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट पाहण्यासाठी वऱ्हाडभरातून माणसे लोटतात. तेथेही पल्ला सरळच असतो आणि हिशेब सेकंदांचाच असतो. पण पटाची जोडी वर्षभर राखावी लागते, तिला खाऊ घालावे लागते, तिची नस ओळखावी लागते आणि धुरकऱ्याला तोल सांभाळण्याची कला अंगी बाणवावी लागते. शिवाय हा खेळ ठरल्या दिवशी, ठरल्या रानात होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये अशा शर्यतींवर बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी त्यांना अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. शेतकऱ्याने आपल्या खेळासाठी सात वर्षे न्यायालयाची वाट पाहिली, अटी मान्य केल्या. बैलांच्या धावेला जो समाज एवढी शिस्त लावतो, त्याने शेकडो अश्वशक्तीच्या मोटारीला निदान तेवढी तरी लावलीच पाहिजे.

शिस्तीत चाललेल्या शर्यतीशी आपले भांडण नाही. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती भरत आल्या आहेत. तेथे कठडे असतात, प्रेक्षक दूर असतात, रुग्णवाहिका उभी असते. एवढ्यापुरते ते ठीकच आहे. तथापि त्या जमिनीचा इतिहासही कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावा. ही नगरी सहारा समूहाची. या समूहाच्या दोन कंपन्यांनी असंख्य लहान गुंतवणूकदारांकडून गोळा केलेले २४,००० कोटींहून अधिक रुपये व्याजासह परत करावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१२ रोजी दिला. वसुली पूर्ण होईना, म्हणून एप्रिल २०१७ मध्ये याच नगरीच्या लिलावाचा हुकूम द्यावा लागला. श्रीमंतांच्या खेळाचे मैदान कोणाच्या बचतीवर उभे असते, हे यावरून ध्यानी यावे.

खरा प्रश्न उभा राहतो तो शर्यत कठड्याबाहेर पडली म्हणजे. याबाबतीत दोन्ही खेळांचा इतिहास एकच धडा देतो. अमेरिकेत १९५१ साली ‘नॅशनल हॉट रॉड असोसिएशन’ स्थापन झाली, तिचा एक प्रमुख हेतू तरुणांच्या शर्यती सार्वजनिक रस्त्यावरून हटवून बंदिस्त पट्टीवर नेणे हाच होता. इटलीतील ‘मिल्ले मिलिया’ ही हजार मैलांची शर्यत १९२७ पासून खेड्यापाड्यांतल्या रस्त्यांवरून धावत असे. १९५७ साली एक मोटार भरधाव वेगात रस्त्याकडेच्या लोकांत घुसली, मुलांसह अनेक माणसे मेली, आणि ती वेगाची शर्यत कायमची बंद झाली. म्हणजे सरळ पल्लेवाले आणि वळणवाले कितीही भांडोत, सार्वजनिक रस्ता हे आपले मैदान नव्हे, हे दोघांनीही साठ-सत्तर वर्षांपूर्वी मान्य केले आहे.

आपल्याकडे मात्र हा धडा अजून शिकायचा आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या ताब्यातील पोर्शे मोटारीने दुचाकीवरील दोन तरुण अभियंत्यांचे प्राण घेतले. त्याच दिवशी त्या मुलाला जामीन मिळाला आणि अटींत ३०० शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातील डॉक्टरांना अटक झाली. त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. त्यासाठीचे १,७५८ रुपयांचे शुल्क भरलेले नव्हते. कोटींच्या मोटारीला एवढेच देणे का लागत होते? विजेवर चालणाऱ्या मोटारींना राज्याने वाहनकर माफ केला होता म्हणून. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील अशा मोटारींवर ६ टक्के कर सुचवण्यात आला आणि त्याच महिन्यात सरकारने तो मागे घेतला. त्याच वर्षी जानेवारीत एस. टी.चे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले होते. ते मात्र मागे घेतले गेले नाही.

आता समृद्धी महामार्गाकडे वळू. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता ११ डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला होत ५ जून २०२५ रोजी पूर्ण झाला. त्याची आखणी ताशी १५० किलोमीटर वेगासाठी आहे, मोटारींना मुभा १२० ची आहे. मैलोन्‌मैल सरळ जाणाऱ्या अशा रस्त्यावर चालकाचे मन सुन्न होते. तज्ज्ञ त्याला महामार्ग-संमोहन म्हणतात. ज्याला मुळात अ‍ॅक्सिलरेटर दाबण्याचीच सवय आहे, त्याच्यापुढे हा रस्ता म्हणजे शेकडो किलोमीटरची ड्रॅगपट्टीच होऊन बसते. हिशेब साधा आहे. १२० च्या वेगाने मोटार सेकंदाला ३३ मीटर जाते. अडथळा दिसून पाय ब्रेकवर पोचेपर्यंत दीड सेकंद धरला, तर तेवढ्यात ५० मीटर संपतात. १८० च्या वेगाला हेच अंतर ७५ मीटर होते. आणि वेग दीडपट झाला की आघाताची शक्ती सव्वादोन पट होते. वळणांच्या मार्गावर शिकलेल्या चालकाला हा हिशेब अंगात मुरलेला असतो. सरळ पट्टीवरच्या हौशी वीराला तो धडक बसल्यावर कळतो.

या रस्त्याने माणसांचा बळी घेतला नाही, असे नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खाजगी बस पेटून २५ प्रवासी मेले. त्यानंतर महिन्याभरातच शहापूरजवळ बांधकामाचे अवजड यंत्र कोसळून २० जण ठार झाले. ते प्रवासी ऐषारामी मोटारीत नव्हते आणि त्या कामगारांना या रस्त्यावरून वेगाने कोठे जायचेही नव्हते. वेगाची किंमत आणि वेगाचा उपभोग यांची वाटणी आपल्या समाजात कशी होते, याचा हा ताळेबंद आहे.

वाशीमच्या शेतकऱ्याचा वाटा तर फारच थोडा आहे. या महामार्गावर दुचाकी चालत नाही, ट्रॅक्टर चालत नाही. त्याची वाहने तीच. कारंज्यावरून जाणारी शकुंतला रेल्वे, मंद पण गरिबाला परवडणारी, कित्येक वर्षे बंद पडून आहे. २०१८ साली केंद्राने ज्यांना आकांक्षित जिल्हे म्हटले त्यांत वाशीम आहे. त्या जिल्ह्याच्या आकांक्षा अद्याप वेळेवर येणारी एस. टी. आणि पावसाळ्यात न खचणारा गावरस्ता एवढ्याच आहेत.

आणि वळणावरची कला पाहायचीच असेल, तर ती मेडशीहून पातूरच्या घाटात रोज दिसते. पन्नास माणसे बसवलेली, वर्षानुवर्षे वापरातली बस घाट उतरवताना गिअर केव्हा पाडायचा, समोरच्या ट्रकला वाट केव्हा द्यायची, पावसात ब्रेकवर किती विसंबायचे, हे एस. टी.चा चालक जाणतो. त्याच्यामागे जाहिरात नाही, त्याला चषक नाही. पण यंत्र माणसाच्या ताब्यात असणे याचा अर्थ त्याच्याइतका कोणालाच कळलेला नाही.

यावर कोणी म्हणेल, तुम्ही प्रगतीचे आणि वेगाचे विरोधक आहात. तसे मुळीच नाही. अत्यवस्थ रुग्ण नागपूरला लवकर पोचला पाहिजे. मंगरुळपीरचा संत्रा सडण्यापूर्वी मुंबईच्या बाजारात उतरला पाहिजे. असा वेग आपल्याला हवाच आहे. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे. बंदिस्त मार्गावर जाणे तरी कोणाला परवडते? आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तर मार्ग बंद करणे हे नसून तो सर्वांना खुला करणे हे आहे. आय. टी. आय. मध्ये शिकणाऱ्या मुलाला, ट्रकवरच्या क्लीनरला, नव्याने भरती झालेल्या बसचालकाला घसरती मोटार सावरण्याचे आणि वळणावर ब्रेक लावण्याचे शिक्षण सुरक्षित मैदानावर मिळाले, तर ती हौस राहणार नाही, लोकोपयोगी विद्या होईल.

तेव्हा मागण्या स्पष्ट असाव्यात. मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमान्वये सरकारच्या लेखी परवानगीवाचून सार्वजनिक जागी शर्यत लावणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीने त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत वाढली आहे. ते कलम मोटारीची किंमत न पाहता लागू झाले पाहिजे. समृद्धीवर मोटार कोठून केव्हा शिरली आणि केव्हा बाहेर पडली याची नोंद पथकर नाक्यांवर होतेच. त्या दोन वेळांच्या हिशेबावरून सरासरी वेग काढून दंड करणे अवघड नाही. तीस लाखांवरील मोटारींचा कर पुन्हा लागू व्हावा आणि ते पैसे गावरस्ते, एस. टी. व महामार्गालगतच्या अपघात-उपचार केंद्रांसाठी राखून ठेवावेत. जिल्ह्यातील साथींनी ग्रामसभांपासून जिल्हा परिषदेपर्यंत हे ठराव मांडावेत.

सरळ रेषेत कोण पुढे जातो हे एंजिन ठरवते. वळणावर कोण टिकतो हे माणूस ठरवतो. रस्ता मात्र या दोघांच्याही मालकीचा नाही. ज्यांच्या शेतांतून तो गेला आणि जे तो पायी ओलांडतात, त्यांचा हक्क त्यावर पहिला आहे.