चेटकिणीची टोपी आणि बिअरचा हंडा

दरवर्षी ऑक्टोबर संपत आला की समाजमाध्यमांवर एक चित्र फिरू लागते. टोकदार काळी टोपी, उकळती कढई, झाडू आणि मांजर. खाली मजकूर असा, की ही चेटकीण मुळात बिअर बनवणारी स्त्री होती. टोपी बाजाराच्या गर्दीत उठून दिसावी म्हणून, झाडू दारावरची खूण म्हणून, मांजर धान्यातल्या उंदरांसाठी आणि कढई अर्थातच बिअरची. पुरुषांना तिचा धंदा हवा होता, म्हणून त्यांनी तिला चेटकीण ठरवून जाळले. यंदा हे चित्र मला इतिहासाची आवड असलेल्या सहा जणांनी पाठवले. म्हणून हा थ्रेड.

या गोष्टीचा शेवट खरा आहे. इंग्लंडमध्ये पेय बनवण्याचा धंदा घरोघरच्या स्त्रियांच्या हातून निसटला, यात शंका नाही. तो कसा निसटला याचे जे कारण गोष्टीत दिले जाते, ते मात्र कालक्रमात बसत नाही, आणि त्यामुळे खरे कारण झाकले जाते. खरे कारण त्या चित्रातच, टोपीच्या खाली, विस्तवावर ठेवलेले आहे. ते भांडे कोणत्या धातूचे होते, केवढे होते आणि ते घेण्याची ऐपत कोणाची होती? घरी बिअर करू पाहणारा आजचा हौशी माणूससुद्धा पहिला प्रश्न हाच विचारतो, की हंडा कोणता घेऊ. इतिहासप्रेमींनी तेवढे तरी विचारायला हवे होते.

आधी एक भेद लक्षात घेऊ. मध्ययुगीन इंग्लंडचे रोजचे पेय म्हणजे एल, आणि त्यात हॉप्स नसत. सातूला मोड आणून ते वाळवायचे, भरडायचे, त्यावर गरम पाणी ओतून गोड रस काढायचा आणि तो आंबू द्यायचा. हा रस वेगळा उकळलाच पाहिजे असे नव्हते. फिनलंडची साहती परंपरेने आजही रस न उकळताच करतात. पाणी तापवायला स्वयंपाकघरातले भांडे चाले, बाकी काम लाकडी पिंपांत होई. म्हणजे लागणारे सामान घरात असेच, नसले तर शेजारणीकडून उसने मिळे. पण ही एल काही दिवसांतच आंबट होई. म्हणून थोडी करायची, घरापुरती ठेवून उरलेली विकायची; ती संपेतो शेजारणीची तयार असायची.

हे सगळे आपल्याला कळते ते दंडाच्या नोंदींमुळे. पाव आणि एल यांच्या दरांवर व दर्जावर नियंत्रण ठेवणारा इंग्लंडचा कायदा १२६६-६७ च्या सुमाराचा. त्याखाली एल विकणाऱ्यांना गावोगावच्या जहागिरी न्यायसभांत किरकोळ दंड होई. हा दंड प्रत्यक्षात परवान्याच्या शुल्कासारखाच होता. त्या नोंदींत स्त्रियांची नावे ओळीने येतात, आणि जिथे नवऱ्याचे नाव आहे तिथेही पुष्कळदा काम बायकोचे असते. ज्युडिथ बेनेट यांचा १९९६ चा ग्रंथ अशाच नोंदींवर उभा आहे. पुढचा माझा युक्तिवादही त्यांचा ऋणी आहे.

मग हॉप्स आले. या वेलीच्या फुलांमुळे पेय टिकते, हे बिंगेनच्या हिल्डेगार्ड या जोगिणीने बाराव्या शतकात लिहून ठेवले होते. ब्रेमेन आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांनी त्याच टिकाऊपणावर समुद्रापलीकडे बिअर विकली. चौदाव्या शतकाच्या अखेरीस ती पिंपे इंग्लंडच्या बंदरांत उतरत होती, आणि पंधराव्या शतकात फ्लेमिश व डच स्थलांतरित तिथेच बिअर करू लागले.

हॉप्स नुसते भिजवून भागत नाही. गोड रसात ते तासभर किंवा त्याहून अधिक खळखळून उकळावे लागतात, तेव्हा त्यांची कडवट द्रव्ये रसात उतरतात. ज्यांनी गुऱ्हाळावरची काहील पाहिली आहे त्यांना फार सांगायला नको. रस उकळला की फेसाळतो, उतू जातो. म्हणून भांडे रसाहून मोठे लागते. एवढे भांडे उचलता येत नाही. म्हणून त्याच्यासाठी चुलाण बांधावे लागते. चुलाण पेटते राहायला सरपण लागते, सरपण टाकायला माणूस लागतो. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातले काम एकदम कारखान्याचे होते, ते या एका पायरीवर.

धातूचा निकाल भाषेतच लागलेला दिसतो. इंग्रजीत या हंड्याचे नावच ‘कॉपर’ पडले. तांब्याचे पत्रे ठोकून, रिव्हेट मारून भांडे हवे तेवढे मोठे करता येते, आणि उष्णता त्यातून झरझर पसरते; आज हौशी मंडळी जे स्टेनलेस स्टीलचे हंडे घेतात, त्यांच्यापेक्षा तांबे कितीतरी पटींनी चांगले वाहक आहे. पण तांबे स्वस्त नव्हते. आपल्याकडे आजीच्या माहेरचा तांब्याचा बंब वाटणीत कोणाकडे गेला यावरून घरे दुरावतात, मग पंधराव्या शतकातल्या मजुराच्या बायकोने बंबाहून कितीतरी मोठा हंडा कुठून आणायचा?

आणि आकारमान? खरी मेख इथे आहे. एल नासत असे तोवर मोठे भांडे घेण्यात अर्थच नव्हता. एवढे पेय वेळेत खपवायचे कोणाला? बिअर महिनोन्महिने टिकू लागली आणि हिशेब उलटला. केंटमधल्या रेजिनाल्ड स्कॉट या गृहस्थाने १५७४ मध्ये हॉप्सच्या लागवडीवर पुस्तक लिहिले. त्यात तो सांगतो की एक बुशेल माल्टमधून जेमतेम आठ-नऊ गॅलन एल निघते, तर बिअर अठरा-वीस गॅलन. तेवढ्याच धान्यात दुप्पट माल, तोही टिकाऊ. ज्याचा हंडा मोठा तो स्वस्तात करणार, दूरवर विकणार, आरमाराला पिंपे पुरवणार. जिच्याकडे घरचे भांडे, तिची एल परवापर्यंत आंबणार. कोणालाही जाळण्याची गरज उरली नव्हती.

भांडवल उभे करणे स्त्रीला अवघड का होते, हेही उघड आहे. विवाहित स्त्रीची चीजवस्तू, करार, कर्ज हे सारे इंग्लिश कायद्याने नवऱ्याच्या नावावर चाले. स्वतःची पत नाही म्हणून उधार नाही, उधार नाही म्हणून हंडा नाही. महामारीनंतर, म्हणजे १३४८-४९ नंतर, वाचलेल्यांचे राहणीमान सुधारले, एलची मागणी वाढली आणि धंदा मोजक्या मोठ्या हातांत एकवटू लागला. लंडनच्या एल बनवणाऱ्यांच्या संघात पंधराव्या शतकाच्या आरंभी सुमारे एक-तृतीयांश सभासद स्त्रिया होत्या. पुढे संघाला राजाची सनद मिळाली, धंदा वाढला, आणि स्त्रिया मागे पडत गेल्या. बिअरवाल्यांत तर त्या पहिल्यापासूनच जवळजवळ नव्हत्या.

लिन शहराच्या मार्जरी केम्पचे उदाहरण मला राहून राहून आठवते. महापौराची मुलगी, हाताशी पैसा, तीन-चार वर्षे शहरातल्या सर्वांत मोठ्या एलवाल्यांपैकी एक. मग फेस बसू लागला, घाणा मागून घाणा वाया गेला आणि पैसा बुडाला. तिने स्वतःच्या आठवणी सांगून लिहून घेतल्या, त्यांत हे आहे. तिने दोष दिला तो स्वतःच्या गर्वाला आणि देवाच्या कोपाला. श्रीमंत बाईचीही ही गत. गरिबांच्या नोंदी तर दंडाच्या यादीतून एका वर्षी नुसत्या नाहीशा होतात.

‘पण स्त्रीद्वेष होताच ना?’ होता, आणि उघड होता. १५४० मध्ये चेस्टर शहराने चौदा ते चाळीस वयाच्या स्त्रियांना एलचे गुत्ते चालवण्यास मनाई केली. कारणे दिली ती छचोरपणाची, भांडणांची, शहराच्या बदनामीची. चेटकाची नाही. लडलोच्या चर्चमध्ये पंधराव्या शतकातले एक लाकडी कोरीव काम आहे: सैतान एका एलवालीला नरकाच्या जबड्याकडे नेतो आहे. तिच्या हातात तिचे माप आहे; तिचा गुन्हा खोट्या मापाचा. डोक्यावर आहे ते त्या काळातले शिंगांसारखे दुटोकी शिरोभूषण. टोकदार टोपी नाही. उंच टोप्या सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुषही घालत आणि स्त्रियाही. झाडूसारखी दिसणारी दारावरची काठी तर एल विकणाऱ्या कोणाच्याही दारावर असे, मालक पुरुष असला तरी.

आता तारखा पाहा. चेटकाविरुद्धचा इंग्लंडचा पहिला कायदा १५४२ चा, दुसरा १५६३ चा. खटल्यांचा जोर त्यानंतरचा. धंदा हातातून निसटायला त्याआधी दीडदोनशे वर्षे सुरुवात झाली होती. शिवाय इंग्लंडमध्ये चेटकिणींना फाशी देत, जाळीत नसत. आरोप असत ते शेजाऱ्याचे मूल दगावल्याचे, गाय आटल्याचे. आणि गंमत अशी, की हॉप्सचे पुस्तक लिहिणाऱ्या त्याच रेजिनाल्ड स्कॉटने १५८४ मध्ये दुसरे पुस्तक लिहिले. विषय होता चेटूक, आणि प्रतिपादन असे की या गरीब, म्हाताऱ्या बायकांवरचे आरोप भ्रामक आहेत. बिअर आणि चेटूक या दोन्हींवर पुस्तक लिहिणारा हा माणूस. या दोन विषयांत नाते असते तर ते त्याला दिसले नसते?

यावर मला नेहमी ऐकवतात, की तपशील चुकले तरी संदेश चांगला आहे. मला तो चांगला वाटत नाही. ज्या बायका फासावर गेल्या त्यांच्यावरचे खरे आरोप आपण पुसतो आणि त्यांच्या हातात बिअरचा पेला देतो. ज्यांचा धंदा गेला त्यांची कहाणीही पुसतो, कारण कायदा, पत, संघाचे नियम आणि तांब्याचा भाव यांचे चित्र काढता येत नाही. अन्याय दिसायला चिता लागते अशी सवय एकदा डोळ्याला लागली, की बँकेने नाकारलेले कर्ज अन्याय वाटेनासे होते.

घरगुती बिअर यानंतरही लगेच संपली नाही, हेही गोष्टीत येत नाही. विल्यम कॉबेटने १८२१-२२ मध्ये खेडुतांसाठी जे पुस्तक लिहिले त्यात घरी बिअर करण्याचा सविस्तर पाठ आहे. छत्तीस गॅलन बिअरसाठी हंडा निदान चाळीस गॅलनचा घ्या, असे तो बजावतो, कारण हॉप्सना जागा हवी आणि वाफेने पाणी उडते. आजच्या हौशी मंडळींना वीस लिटरसाठी तीस लिटरचा हंडा सुचवतात, त्यामागे हाच विचार असतो. कॉबेटची तक्रार माल्टवरच्या करावर होती: करापायी गरिबाच्या घरची बिअर संपली आणि तो गुत्त्याकडे वळला. माल्टचा कर १८८० मध्ये रद्द झाला, पण घरी करणाऱ्याला परवाना लागू झाला; तो उठला १९६३ मध्ये.

आपल्याकडे १९४९ चा महाराष्ट्र (पूर्वीच्या नावाने मुंबई) दारूबंदी कायदा आहे. त्याच्या ६५ व्या कलमात मद्य बनवण्याच्या हेतूने भांडी आणि उपकरणे बाळगणे हासुद्धा गुन्हा आहे. तेव्हा हा थ्रेड वाचून कोणी हंडा आणायला निघाले असेल, तर आधी ते कलम वाचावे.