गच्चीवरची काठी आणि तापीचा पूर

गच्चीवर पाण्याची टाकी चालते, डिशची छत्री चालते, सौर पाट्या चालतात, वेळप्रसंगी लग्नाचा मांडवही चालतो. पण एखाद्या परवानाधारकाने हॅम रेडिओची अँटेना उभारायची म्हटली, की सोसायटीच्या कमिटीत नन्नाचा पाढा सुरू होतो. कुणाला कर्करोगाची भीती वाटते, कुणाला फ्लॅटचे भाव पडतील असे वाटते, तर कुणाला सरळ हेरगिरीचा वास येतो. कोसाड-अमरोली भागातील मराठी कुटुंबांनी या प्रश्नाकडे डोळसपणे पाहावे, म्हणून हा अग्रलेख.

हॅम म्हणजे हौसेने बिनतारी संदेशवहन करणारा माणूस. त्याला केंद्र सरकारच्या दूरसंचार खात्याची परीक्षा द्यावी लागते. मग परवाना आणि स्वतःचे सांकेतिक नाव मिळते. आपल्याकडे ते बहुधा व्हीयू२ किंवा व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होते. धंद्याचे निरोप, जाहिरात, गाणी किंवा पक्षाचा प्रचार यांना तिथे जागा नाही. म्हणजे आमच्यासारख्या राजकीय पत्रकालाही तिथे मज्जाव आहे, आणि तो योग्यच आहे.

लोकांचा खरा घोटाळा होतो तो मोबाइल टॉवरशी. मोबाइल टॉवर कंपनीचा असतो, त्याचे भाडे येते आणि तो चोवीस तास चालतो. हॅमची अँटेना ज्याची त्याची, तिचे भाडे नाही, आणि माणूस बोलतो तेवढाच वेळ तिच्यातून लहरी बाहेर पडतात. शहरातल्या शहरात बोलण्यासाठी १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास काम चालते. त्याला जेमतेम अर्ध्या मीटरची उभी कांडी पुरते. दूरच्या गावी बोलायचे तर ७ मेगाहर्ट्झवर सुमारे २० मीटर लांब तार लागते. ती मधोमध पाइपावर उचलून दोन्ही टोके कठड्याकडे उतरती बांधतात. चौकोनी लोखंडी मनोरा आणि त्यावर फिरणारी मोठी अँटेना हा थोड्यांचाच शौक. बहुतेकांचे काम तांब्याची तार, पाइप आणि दोरी यांवर भागते.

आता प्रश्न असा, की हे सगळे आपल्याला कशाला हवे? उत्तर सुरतकराला तरी सांगावे लागू नये. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेले पाणी शहरात शिरले. वीज गेली, टेलिफोन गेले, मोबाइल मुके झाले. पहिल्या मजल्यावर अडकलेल्या कुटुंबाला पलीकडच्या काठावरच्या भावाची खबर मिळेना. मोबाइल टॉवरची बॅटरी काही तासांची. जनरेटर पाण्यात गेला किंवा डिझेल पोचले नाही, की टॉवर म्हणजे नुसता सांगाडा. हॅमचा संच मात्र मोटारीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो, आणि दोन संचांच्या मध्ये ना कंपनी लागते ना केबल.

ही केवळ पुस्तकी गोष्ट नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आणि २६ जानेवारी २००१ च्या भुजच्या भूकंपानंतर हॅम मंडळी आपापले संच घेऊन धावली. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी हौशी प्रसारणासाठी अंदमानात गेले होते. २६ तारखेला त्सुनामी आली आणि त्याच संचांवरून बेटांवरच्या माणसांची खुशाली मुख्य भूमीवर पोचू लागली. अँटेना आधीच उभी होती, म्हणून हे घडले. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

आपल्यातल्या बऱ्याच घरांची मुळे खानदेशात आहेत. भुसावळ, प्रकाशा, सारंगखेडा ही आपल्या नातलगांची गावे त्याच तापीच्या काठी आहेत. कोसाडच्या गच्चीवरून भुसावळशी ७ मेगाहर्ट्झवर थेट बोलता येते. धरणाचा अधिकृत इशारा सरकारनेच द्यायचा, यात वाद नाही. पण फोन बंद असताना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढे कळवायलाही कुणीतरी लागतेच.

अडचण आहे ती कायद्याच्या फटीत. परवाना देते दिल्ली, गच्ची आहे सोसायटीच्या ताब्यात, आणि दोघांच्या मध्ये परवानाधारकाची दाद लागत नाही. विमानतळाच्या परिसरात उंचीवर बंधन असते, तेही समजून घ्यायला हवे. अमेरिकेत १९८५ साली तिथल्या केंद्रीय संचार आयोगाने आदेश काढला, की हॅमच्या अँटेनांसाठी स्थानिक संस्थांनी वाजवी सोय करावी. पण खासगी वसाहतींच्या नियमांना तो आदेश लागू झाला नाही, आणि तिथले घोडे आजही तिथेच अडते. तेव्हा नुसता वरचा आदेश पुरत नाही; शेजाऱ्याची समजूतही पटावी लागते.

ती पटवण्याची जबाबदारी अँटेना उभारणाऱ्याची. पाइपाला तीन बाजूंनी ताणाच्या तारा हव्यात. पाइप कोसळला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही, इतके अंतर हवे. अर्थिंग पक्के हवे आणि आभाळ गडगडू लागले की संचाची केबल काढून ठेवायला हवी. तार हाताला लागणार नाही इतकी उंच हवी. शेजाऱ्याच्या टीव्हीत खरखर आली तर ती आपली जबाबदारी समजून दूर करावी. आणि सुरतेत राहून उत्तरायण विसरून चालणार नाही! १४-१५ जानेवारीला अख्खे शहर गच्चीवर असते. त्या दोन दिवसांत आडवी तार उतरवून ठेवावी. मांजाही वाचेल, मानही वाचेल आणि शेजारधर्मही.

जाता जाता एक आठवण. सुरतजवळच्या सरस गावात जन्मलेल्या उषा मेहता यांनी १९४२ साली मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला. जागा बदलत, पोलिसांना चुकवत तो सुमारे तीन महिने चालला, आणि नोव्हेंबरात त्या पकडल्या गेल्या. त्या काळात हौशी मंडळींचे परवानेही सरकारने रद्द केले होते. परक्या सरकारला अँटेनेची भीती वाटली, हे समजू शकते. आज आपलेच सरकार परवाना देते आणि आपलीच कमिटी नाही म्हणते, याला काय म्हणावे?

आमचे म्हणणे थोडके आहे. महापालिकेने घरगुती अँटेनेसाठी एका पानाची स्पष्ट नियमावली करावी आणि पूरनियंत्रणाच्या योजनेत शहरातल्या हॅमची नोंद ठेवावी. मते मागायला दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपण हे विचारावे. सोसायटीच्या कमिट्यांनी सरसकट नकार न देता सुरक्षेच्या अटी घालून परवानगी द्यावी. आणि आपल्या मंडळाने वर्षाला निदान दोन मुलामुलींना या परीक्षेला बसवावे, एक अँटेना मंडळाच्या गच्चीवर उभारावी. तापी पुन्हा कधी कोपेल ते कुणी सांगू शकत नाही. ती कोपली तर कोसाडहून निदान एक आवाज बाहेर जावा.