ओळख परेडीचा फार्स आणि न्यायाची परवड

११ जुलै २००६ च्या सायंकाळी माटुंगा, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोड या ठिकाणी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांतील पहिल्या वर्गाचे डबे अवघ्या अकरा मिनिटांत बॉम्बस्फोटांनी फाटले. १८० हून अधिक मुंबईकर त्या दिवशी घरी परतलेच नाहीत; आठशेहून अधिक जायबंदी झाले. २०१५ मध्ये विशेष मोक्का न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरविले, त्यांपैकी पाच जणांना फाशी सुनावली. त्यानंतर २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. राज्य शासनाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. २४ जुलै २०२५ रोजी त्या न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरण्यास मनाई केली; मात्र सुटलेल्यांना पुन्हा कारागृहात धाडण्याचा आदेश दिला नाही.

निकाल लागताच तथाकथित मानवाधिकारवाद्यांना आनंदाचे भरते आले. त्यांच्या वक्तव्यांत त्या १८० हून अधिक मृतांसाठी एक ओळही शोधून सापडत नव्हती. दुसरीकडे, राष्ट्रप्रेमाने संतप्त झालेल्या अनेकांनी न्यायालयालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. दोन्ही बाजूंनी एक साधी गोष्ट केली नाही : निकालपत्र वाचले नाही.

त्यात काय आहे? आरोपींना चर्चगेट स्थानकापर्यंत पोहोचविल्याचे सांगणारे टॅक्सीचालक शंभराहून अधिक दिवस गप्प होते. दिवसभरात अनेक प्रवासी चढतात-उतरतात. त्यांतला एक चेहरा इतक्या दिवसांनी लख्ख आठवावा असे कोणते कारण घडले होते, याचे समाधानकारक उत्तर अभियोग पक्षाला देता आले नाही. काही साक्षीदारांनी न्यायालयात आरोपींकडे बोट दाखविले ते सुमारे चार वर्षांनी. आणि ज्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याने ओळख परेड घेतली, त्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता, असा निष्कर्ष न्यायालयाने काढला. कबुलीजबाब आणि जप्त मालाचे पुरावेही टिकले नाहीत, हे खरे. परंतु ओळखीचा खांब असा पोखरलेला निघाल्यावर उरलेल्या इमारतीला आधार कोणाचा?

साक्षीदार खोटेच बोलतो, असा याचा अर्थ नव्हे. प्रामाणिक साक्षीदारही चुकतो, आणि तो पूर्ण आत्मविश्वासाने चुकतो, हीच खरी मेख आहे. इंग्लंडमध्ये १८९६ साली अ‍ॅडॉल्फ बेक या गृहस्थाला एकामागून एक स्त्रियांनी 'हाच तो ठक' म्हणून ओळखले. तो तुरुंगात गेला. सुटल्यावर १९०४ मध्ये पुन्हा तसाच ओळखला गेला. खरा ठक पकडला गेला तेव्हा बेक दोन्ही वेळा निरपराध होता हे उघड झाले. त्या गहजबातूनच १९०७ साली तेथे फौजदारी अपील न्यायालय स्थापन झाले. आपल्याला मात्र हे शिकायला इंग्लंडला जाण्याचे कारण नाही. दोरीच्या जागी साप दिसतो, हे आपल्या दार्शनिकांनी शतकानुशतके सांगितले. न्यायसूत्रकार गौतमांनी प्रत्यक्ष प्रमाणाची व्याख्या करताना ते ज्ञान 'अव्यभिचारी', म्हणजे भ्रमरहित असावे, अशी अट घातली. डोळ्यांनी पाहिले एवढ्याने प्रमाण सिद्ध होत नाही, हे ज्या भूमीने जाणले, तेथील पोलीस ठाण्यांत मात्र 'पंच आला, परेड झाली, कागद झाला' एवढ्यावर तपास आटोपतो.

उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमपुस्तिकेत परेडीचे नियम आहेत : एका संशयितामागे किमान अर्धा डझन अन्य माणसे उभी करावीत, ती साधारण त्याच्यासारखीच दिसणारी असावीत. नियम आहेत, पाळले गेले याचा डोळस पुरावा मात्र नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती आणि जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे केले, हे स्वागतार्हच. पण त्याच संहितेच्या कलम ५४ मध्ये ओळख परेडीचे चित्रीकरण आवश्यक केले ते केवळ साक्षीदार शारीरिक वा मानसिकदृष्ट्या विकलांग असेल तेव्हा. मालाची जप्ती चित्रित व्हावी आणि माणसाच्या गळ्याशी येणारी ओळख मात्र कागदावर राहावी, ही कुठली तर्कसंगती?

पक्का पुरावा कसा असतो, हेही मुंबईनेच दाखविले आहे. २६ नोव्हेंबर २००८ चा मारेकरी कसाब केवळ कोणाच्या स्मृतीवर दोषी ठरला नाही. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर वृत्तपत्र छायाचित्रकारांनी जीव धोक्यात घालून टिपलेली छायाचित्रे साक्षीदारांच्या शब्दांच्या पाठीशी उभी होती. म्हणून तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी कसाब फासावर गेला.

तेव्हा मागणी स्पष्ट हवी. प्रत्येक ओळख परेडीचे चित्रीकरण व्हावे. परेड न्यायदंडाधिकाऱ्यानेच घ्यावी, शिफारशीने नेमलेल्या मानद अधिकाऱ्याने नव्हे. ती अटकेनंतर काही दिवसांत व्हावी, आणि संशयित कोण हे परेड घेणाऱ्याला ठाऊक नसावे. यात आरोपीचे लाड नाहीत. चुकीचा माणूस तुरुंगात सडतो, तेव्हा खरा बॉम्ब ठेवणारा मोकाट फिरत असतो. आणि खरा माणूस गबाळ्या कागदांमुळे सुटतो, तेव्हाही तोच मोकाट फिरतो. दोन्ही प्रसंगी हरतो तो सायंकाळची लोकल पकडणारा सामान्य मुंबईकर. त्या मृतांचे ऋण घोषणांनी फिटणार नाही. ते फिटेल निर्दोष तपासानेच.