कोवळ्या पावलांची उपेक्षा नको

शाळेच्या पटांगणावर एखादे मूल वरचेवर ठेचकाळते, त्याचा घोटा पुनःपुन्हा मुरगळतो, चप्पल एकाच बाजूने झिजते. घरी त्याला वेंधळा म्हणतात, शाळेत आळशी. दोष मुलाचा नसून त्याच्या मज्जातंतूंचा असू शकेल, ही शंका क्वचितच कोणाच्या मनाला शिवते.

पॅरिसचे शार्को व मारी आणि इंग्लंडचे टूथ यांनी १८८६ मध्ये अशा एका आनुवंशिक विकाराचे वर्णन केले. या तिघांच्याच नावाने तो आज ओळखला जातो. सुमारे अडीच हजारांत एकाला तो असतो, असा अंदाज आहे. शरीरातील सर्वांत लांब मज्जातंतू पायांकडे जातात. म्हणून पहिला घाला पावलांवर पडतो. पाऊल वर उचलणारे स्नायू दुबळे होतात, त्यांच्या विरुद्ध ओढणारे काही स्नायू मात्र बळ राखून असतात. या विषम ओढाताणीत तळव्याची कमान उंचावते, टाच आत वळते, बोटे आखडतात. आज लवचीक असलेले पाऊल पुढे ताठर होते.

हा रोग मुळापासून बरा करणारे औषध अद्याप नाही. तथापि संशोधक स्वस्थ बसलेले नाहीत. ‘क’ जीवनसत्त्वाने उंदरांत गुण दिसल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ऑस्ट्रेलियात ८१ मुलांवर वर्षभर त्याची रीतसर पारख झाली आणि २००९ मध्ये निष्कर्ष निघाला : लाभ नाही. हा निष्कर्ष निराशेचा खरा, पण निरर्थक नव्हे. व्यर्थ आशेपासून त्याने अनेक कुटुंबांना वाचविले. त्याच देशात ६० मुलांवर घोट्याच्या व्यायामाचा प्रयोग झाला. काहींना क्रमाने वाढता भार दिला, काहींना नाममात्र. पाऊल उचलण्याच्या शक्तीचा ऱ्हास खऱ्या व्यायामाने मंदावतो, असे २०१७ मध्ये दिसून आले. ही रोगमुक्ती नव्हे; परंतु वाढत्या वयात मिळालेला अवधीही मोलाचा असतो.

हा अवधी मिळावयाचा तर रोग वेळीच ओळखला पाहिजे. शालेय आरोग्य तपासणीत डोळे, दात, वजन यांच्याइतकेच लक्ष मुलांच्या चालीकडे दिले जावे, असे आम्हांस वाटते. मुलाला टाचांवर चार पावले चालावयास सांगण्यास यंत्र लागत नाही की पैसा. प्रत्येक उंच कमान म्हणजे हा रोग नव्हे, हे खरे. पण ज्याला टाचांवर चालता येत नाही, त्याला तज्ज्ञाकडे धाडणे हे शिक्षकांचे व पालकांचे कर्तव्य ठरते.

आणखी एक. आनुवंशिक म्हटले की आपल्याकडे खापर सुनेच्या माथी फुटते, नाहीतर पूर्वजन्मीचे पाप आठवते. हा दोष पित्याकडूनही येतो, मातेकडूनही, आणि कधी नव्यानेच उद्भवतो. यात कोणाचेही पाप नाही. मूल का पडते, हे पाहण्यास आपण चुकलो, तर मात्र दोष आपला.