उंची नका मोजू, खालची वस्ती मोजा

‘आमच्या रानातला बांध, आमचं पाणी, त्यात सरकारनं कशाला लक्ष घालायचं?’ चाकणच्या आसपास छोट्या खासगी बंधाऱ्यांच्या तपासणीचा विषय निघाला की पहिला आक्षेप हाच येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. चासकमान आणि भामा आसखेड ही दोन्ही धरणे चाकणच्याच खेड तालुक्यातली. भामा आसखेडचे पाणी जलवाहिनीने पुण्याच्या पूर्व भागापर्यंत पोचले; तालुक्यातली कितीतरी रानं मात्र अजून पावसाच्या भरवशावर आहेत. पाणी अडव, साठव, असे या शेतकऱ्याला सरकारनेच सांगितले. २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली, तिच्यात ५० हजार रुपयांपर्यंत अनुदान होते. आता त्याच माणसाच्या दारात तपासणीचा कागद घेऊन गेले, तर तो चिडणारच. तरीही तपासणी हवी, असे माझे ठाम मत आहे, आणि ती शेतकऱ्याच्याही हिताची आहे.

‘एवढ्याशा पाण्याने काय होणार?’ हे दुसरे म्हणणे. त्या योजनेतले सर्वांत मोठे शेततळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल. बाजू सरळ धरल्या तर त्यात २,७०० घनमीटर, म्हणजे २७ लाख लिटर पाणी मावते. उन्हाळ्यात चाकणच्या सोसायट्यांना पाणी पुरवणाऱ्या दहा हजार लिटरच्या टँकरच्या २७० खेपा होतील इतके. बाजू उतरत्या असल्याने प्रत्यक्ष साठा कमी भरतो, हे मान्य. शिवाय जमिनीत खणलेला खड्डा फुटत नाही. फुटतो तो भराव. म्हणून माझा रोख खणलेल्या शेततळ्यावर नाहीच. तो आहे ओढ्यावर आडवी माती टाकून घातलेल्या बांधावर, उतारावर भराव रचून वर उचललेल्या तळ्यावर आणि डोंगराच्या कुशीत फार्महाऊसच्या हौसेखातर केलेल्या तलावावर.

मातीचा बांध बहुधा दोन वाटांनी जातो. सांडवा अरुंद असला किंवा गाळाने, झुडपांनी बुजला की पाणी माथ्यावरून वाहू लागते आणि मागची माती खरवडून नेते. नाहीतर पाइपाच्या कडेने, घुशीच्या बिळातून, तोडलेल्या झाडाच्या कुजलेल्या मुळांतून झिरप सुरू होते. झिरपणारे पाणी नितळ असते तोवर हाताशी वेळ असतो. ते गढूळ झाले, म्हणजे बांधाच्या पोटातली माती निघाली आहे आणि वेळ संपत आला आहे. हे ओळखायला मोठी यंत्रे लागत नाहीत. दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यात बांधाच्या मागच्या बाजूने पायी फिरणारा जाणता माणूस लागतो. तेवढाच आज आपल्याकडे कुणी नेमलेला नाही.

आणि छोटे पाणी माणसे मारते. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने काय केले, ते पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पावसात शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. तिथे धरण फुटले नव्हते. एरवी नाला म्हणून दुर्लक्षित असलेला ओढा आणि त्याच्या काठावर दाटलेली घरे एवढ्यानेच तो घात झाला. धरण फुटल्याचे उदाहरण हवे असेल तर केनियातल्या सोलाईचे घ्या. एका खासगी शेतमळ्याने सिंचनासाठी केलेले तिथले मातीचे धरण ९ मे २०१८ च्या रात्री फुटले. खालच्या वस्तीतली ४५ हून अधिक माणसे गेली, त्यांत लहान मुले कितीतरी. पाणी शेतीचे होते, मालक खासगी होता, आणि मेली ती खालच्या वस्तीतली माणसे.

‘आता धरण सुरक्षा कायदा आला आहे,’ असे सांगणाऱ्यांनी तो एकदा नीट वाचावा. २०२१ चा हा केंद्रीय कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीचे धरण त्यात यायचे असेल तर आणखी एक तरी अट पुरी व्हावी लागते: माथ्याची लांबी ५०० मीटर, किंवा साठा १० लाख घनमीटर, किंवा पूरविसर्ग सेकंदाला २,००० घनमीटर, नाहीतर अडचणीचा पाया वा आगळी रचना. १० मीटरच्या आतले सगळे बाहेर. म्हणजे १४ मीटर उंच आणि ९ लाख घनमीटर साठ्याचा बांधही, बाकीच्या अटींत बसला नाही तर, या कायद्याला दिसत नाही. मालकी हा इथे मुद्दाच नाही. वळवण, शिरवटा, ठोकळवाडी, मुळशी ही टाटांची धरणे खासगीच आहेत, पण उंचीमुळे ती कायद्याच्या कक्षेत येतात. सुटतात ते छोटे.

याचा अर्थ सरकारी धरण आपोआप सुरक्षित, असा कुणी काढू नये. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. गळतीच्या तक्रारी गावाने आधीच केल्या होत्या. तत्कालीन जलसंधारणमंत्री तानाजी सावंत यांनी खेकड्यांनी धरण पोखरल्याचे कारण सांगितले. ते खरे धरले, तरी बिळे शोधून बुजवणे हेच देखरेखीचे काम असते. सरकारी धरणाची ही गत, तर ज्याची नोंदही नाही त्या बांधाचे काय?

चाकणचा प्रश्न इथून सुरू होतो. ज्या काळी इथे कांदा आणि ज्वारी होती, तेव्हा ओढ्यावरचा बांध फुटला तर चार एकरांतले पीक जायचे, माती वाहायची. एमआयडीसी आली, एकामागून एक टप्पे वाढत भामचंद्र डोंगराच्या पायथ्यापर्यंत पोचले. महाळुंगे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी या गावांत कामगारांसाठी खोल्यांच्या रांगा उठल्या. जमीन महाग, म्हणून खोल्या ओढ्याच्या काठापर्यंत सरकल्या. कुठे ओढा नळीत घातला, कुठे बुजवून वर शेड टाकली. बांध तेवढाच राहिला, शेतकरीही तोच, पण धोका अनेक पटींनी वाढला. तो शेतकऱ्याने वाढवलेला नाही. खाली झोपलेला कामगार बीडचा असेल, बिहारचा असेल. वर पाणी अडवलेले आहे, हे त्याला सांगायला कोणी गेलेले नसते. उंचीवर बेतलेल्या कायद्याला हा बदल कधीच कळणार नाही, कारण बांधाची उंची बदललेलीच नाही.

‘माझे पाणी’ या दाव्याबद्दलही एक जुना निवाडा सांगण्यासारखा आहे. तळ्याचे पाणी शेजाऱ्याच्या खाणीत घुसल्याबद्दल, चूक असो वा नसो, मालकच जबाबदार, असे इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर खटल्यात १८६८ साली ठरले. पुढे दक्षिणेत कार्वेटीनगरच्या जमीनदाराची तळी अतिवृष्टीत फुटली आणि मद्रास रेल्वेचे नुकसान झाले. तेव्हा १८७४ साली प्रिव्ही कौन्सिलने तो इंग्रजी नियम लावायला नकार दिला. या देशात तळी राखणे हे लोकांच्या जगण्याचे काम आहे, म्हणून हलगर्जी सिद्ध झाली तरच भरपाई, असा त्याचा आशय. शेतकऱ्याच्या बाजूने इतका भक्कम आधार दुसरा नाही. पण हलगर्जी झाली नाही हे दाखवायचे कशावरून? दर मे महिन्यात कोणीतरी येऊन बांध पाहिला, सांडवा मोकळा असल्याचे लिहून दिले, दुरुस्ती सुचवली आणि ती झाली, या कागदावरून. तपासणीची वही ही बांधाच्या मालकाची ढाल आहे. ती नसेल तर अपघातानंतर तो एकटाच गुन्हेगार ठरेल.

म्हणून मोजमाप बदलले पाहिजे. इंग्लंडचा १९७५ चा कायदा जमिनीच्या नैसर्गिक पातळीच्या वर किती पाणी अडले आहे ते मोजतो आणि २५ हजार घनमीटरपासून पुढे लागू होतो. फुटले तर माणसे दगावतील का, हेही तिथे आता पाहिले जाते. आपण याहून सोपे करू शकतो. विहिरीची नोंद सातबाऱ्यावर होते, तशी जमिनीवर पाणी अडवणाऱ्या प्रत्येक भरावाची व्हावी. खाली वस्ती नसेल तर नोंदीपलीकडे त्या शेतकऱ्याला कोणी त्रास देऊ नये. वस्ती असेल तर जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागातल्या अभियंत्याने दरवर्षी पावसाळ्याआधी बांध पाहावा, आणि ही तपासणी शेतकऱ्याला फुकट मिळावी.

खर्च कोणी करायचा, हा शेवटचा आक्षेप. ज्यांनी धोका वाढवला, त्यांनी. बांधाखाली बांधकामाला परवानगी देताना पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण (पीएमआरडीए) आणि एमआयडीसी विकास शुल्क घेतातच. त्यातला हिस्सा वरच्या बांधाच्या सांडव्यासाठी राखून ठेवावा, आणि बांध फुटल्यास पाणी कुठवर येईल याचा नकाशा पाहिल्याशिवाय खोल्यांच्या एकाही आराखड्यावर शिक्का मारू नये. तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मराठी आणि हिंदी, दोन्ही भाषांत लागावा, म्हणजे खोली भाड्याने घेण्याआधी कामगाराला तो वाचता येईल.