केर कोणाला म्हणता?

झिम्बाब्वे सरकारने २००५ च्या मे महिन्यात राजधानी हरारेतील फेरीवाले, टपऱ्या आणि झोपड्या यांच्याविरुद्ध जी मोहीम उघडली, तिचे शोना भाषेतील नाव होते 'मुराम्बात्स्विना'. केर झाडून काढा, असा त्याचा अर्थ. दक्षिण गोलार्धातील ऐन हिवाळ्यात बुलडोझर फिरले. म्बारे वस्तीतील सियासो हा कारागिरांचा बाजार भुईसपाट झाला. मोहीम इतर शहरांतही पसरली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या प्रतिनिधी ॲना तिबाइजुका यांच्या अहवालाप्रमाणे सुमारे ७ लाख लोकांचे घर, रोजगार किंवा दोन्ही गेले.

हे झाले कोणत्या कायद्याच्या आधारे? १९७६ च्या नगररचना कायद्याच्या. म्हणजे इयन स्मिथ यांच्या गोऱ्या राजवटीच्या! काळ्या माणसाने शहरात राबावे, पण शहर आपले मानू नये, ही त्या राजवटीची धारणा. १९८० साली स्वातंत्र्य आले, कायदा मात्र राहिला. आणि तो वापरणारा पक्ष स्वतःला समाजवादी म्हणवीत आला होता. आपण समाजवाद्यांनी याकडे डोळेझाक करू नये.

ही माणसे हौसेने पदपथावर आलेली नव्हती. १९९१ मध्ये जागतिक बँक व नाणेनिधी यांच्या पाठबळाने सुरू झालेल्या आर्थिक पुनर्रचनेत कारखान्यांतील आणि सरकारी नोकऱ्या गेल्या. नोकरी गेलेल्यांनी हातगाडी धरली. अशांना नगरपालिका केर म्हणते, तर बँकांचे पंडित 'उद्योजक'. सकाळी उधारीवर टोमॅटो उचलून संध्याकाळी ती उधारी फेडणाऱ्या बाईला उद्योजक म्हणणे ही थट्टाच होय.

पण कामगार चळवळीने तरी तिला कामगार कोठे म्हटले? मालक कोण, या प्रश्नापाशी आपले गाडे अडते. डर्बनच्या स्त्रियांनी हा प्रश्न सोडविला. अहमदाबादच्या 'सेवा'चा कित्ता गिरवून १९९४ मध्ये त्यांनी संघटना उभारली आणि वाटाघाटी केल्या त्या थेट नगरपालिकेशी : पाणी, शौचालय आणि डोक्यावर छप्पर यांसाठी. ती संघटना २००४ मध्ये बंद पडली, हेही सांगितले पाहिजे. मात्र त्यापूर्वीच, २००२ मध्ये, त्याच शहरात 'स्ट्रीटनेट' हा पथविक्रेत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला होता. त्याच्या उभारणीतही 'सेवा'चा हात होता.

आपल्याकडे २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांच्या निर्वाचित प्रतिनिधींना ४० टक्के जागा दिल्या आहेत. आपल्या शहरातील समितीवर कोण बसले आहे, याची चौकशी प्रत्येक शाखेने या महिन्यात करावी.